करंजमाथ्याचा शेळीहाक्या

कॉलेजवाल्यांना समाजसेवेचा झटका येतो तो तपासणी समिती यायची असली की. एरवी समाज कुठं राहतो, काय खातो, याची कुणाला पडलेली नसते. पण समितीचं पत्र आलं रे आलं, की पाण्याच्या टाक्या धुतल्या जातात, कुंड्यांना गेरू लागतो आणि समाज आठवतो.

नगरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात पीरमहंमद सय्यद सत्तावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होता, तिथंही ऑगस्टात हेच झालं. विभागप्रमुखांनी मीटिंग बोलावली. ग्रामीण मुलांना रोबोटिक्स आणि प्रोग्रॅमिंग शिकवायचं, दर शनिवारी, पाथर्डीच्या पुढं करंजमाथा म्हणून गाव आहे तिथं. कोण जाणार?

झालं. एका प्राध्यापकाची तिथल्या तिथं कंबर धरली. दुसऱ्याला एसटी लागते, असं त्याला त्याच क्षणी समजलं. एका मॅडमच्या मुलाची परीक्षा निघाली. मुलगा बालवाडीत होता. नजरा फिरत फिरत भिंतीपाशी आल्या. तिथं पीरमहंमद प्रोजेक्टरची वायर दाबून उभा होता. ती सोडली की प्रोजेक्टर बंद पडायचा, म्हणून दोन वर्षं तो प्रत्येक मीटिंगला वायर धरून उभा राही. पळायची सोयच नव्हती.

"पीरभाई जातील," विभागप्रमुख म्हणाले. "सोबत दोन विद्यार्थी न्या. आणि हे बघा, फार खोलात शिरू नका. मुलं, रोबो आणि बॅनर एका फोटोत आले की आपलं काम झालं."

घरी बिबीजाननं कपाळावर हात मारला. ती घरात दखनी बोलायची आणि भांडताना मराठी. कारण मराठीत भांडलेलं शेजाऱ्यांनाही कळतं.

"कायकू जी? सनीचरकू छुट्टी रहती ना तुमारी?" असं म्हणून ती मराठीवर आली. "सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे प्रोजेक्ट तुम्ही जोडले. पोरं अमेरिकेला गेली. तुम्ही कुठं गेलात? आता पाथर्डीला!"

शेजारचे आबासाहेब कुंपणावर हजरच होते. आबासाहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले; त्यांच्याकडं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला होता आणि प्रत्येक सल्ल्याचा अर्थ 'करू नका' असा होता. "पीरभाई, मी सांगतो. जा, दोन फोटो काढा, वडापाव खा, परत या. मन लावलंत की मेलात. काम करणाऱ्याचीच चौकशी लागते. न करणाऱ्याची कशाची चौकशी करणार? काही केलेलंच नसतं!"

सल्ला अगदी बरोबर होता. पीरमहंमदनं तो पाळायचंही ठरवलं होतं. पण पहिल्याच शनिवारी घात झाला. तो शाळेच्या वऱ्हांड्यात पाऊल टाकतो न टाकतो, तोच चाळीस पोरं उठून ओरडली, "नमस्ते सर!"

सत्तावीस वर्षांत त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. पोरं पीरभाई म्हणत, प्राध्यापक पीर म्हणत, एक नवीन मास्तर तर नुसतं 'अरे' म्हणायचा. पीरमहंमदनं मागं वळून पाहिलं, की खरंच कुणी सर आलेत का. मागं फक्त एक शेळी होती. म्हणजे सर तोच! तिथंच तो बॅनर, फोटो, आबासाहेब, सगळं विसरला.

सोबत अफ्रीन होती, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाची, जिभेनं तिखट. आणि काष्टीचा कानिफनाथ, शेवटच्या वर्षाचा. याचे हात चांगले, पण तोंड उघडायला त्याला अर्ज द्यावा लागे. त्यांनी आणलेला रोबो म्हणजे काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी. सगळ्या जगात पोरांना हेच शिकवतात, म्हणून यांनीही आणली. अफ्रीननं पट्टी चिकटवली, गाडी सुरसुर चालली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सातवीतली एक काटकुळी मुलगी तेवढी हाताची घडी घालून बसलेली. मोनिका तिचं नाव.

"मॅडम, ही गाडी पट्टीवरनं चालती."

"हो ना!" अफ्रीन खूश.

"मंग कुठं जाती?"

"कुठं म्हणजे? पट्टी संपेपर्यंत जाते."

"अन् मंग?"

अफ्रीननं गाडी उचलून उलटीसुलटी पाहिली. तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकली, पण 'अन् मंग' हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता.

"आमच्या शेळ्या हाकलंल का ही?" मोनिकानं विचारलं. "खिचडी वाढली का गावातल्या समद्या शेळ्या ताटात तोंड घालत्यात. राहीआत्याला वाढायचं का हाकलायचं?"

राहीबाई शाळेत खिचडी शिजवायची. मोनिकाच्या बापाची थोरली बहीण. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "व्हय बाई, हाकलनारं काय असलं तर करा. माझा घसा गेला."

असा सुरू झाला शेळीहाक्या. पुढं काही आलं की ओळखणारा सेन्सर, आणि ओळखलं की पुढं धावून ओरडायचं. ओरडायला आवाज कुणाचा? त्यात मतभेदच नव्हते. राहीबाईनं पदर खोचला, कानिफनाथनं माईक धरला आणि तिनं अशी आरोळी ठोकली, की कानिफनाथ दोन पावलं मागं गेला आणि ओट्यावरची खरीखुरी शेळी कुंपणावरून पलीकडं पडली. "हेऽऽ मुडद्या! पोरांच्या ताटात तोंड घालतोस व्हय! तंगडंच मोडते, थांब!"

आता प्रत्येक शनिवारी नवी खोट. मैदानातल्या मुरुमात चाकं रुतली. नगरात परत येऊन पीरमहंमदनं गल्लीतल्या सलमान मेकॅनिकला विचारलं. सलमाननं स्कूटरचं इंजिन बसवावं असं सुचवलं. मग जरा खाली उतरून चाकांना सायकलची ट्यूब कापून चढवून दिली. चाकं चालली तर बॅटरी उतरली. बॅटरी आणली तर शेळीनं वायर खाल्ली. त्या शेळीच्या मालकानं उलट शाळेत येऊन भांडण केलं, की वायर खाऊन शेळीच्या पोटात करंट उतरला तर जबाबदार कोण? पीरमहंमदला तिच्यासमोर अर्धा तास बसून तिची तब्येत पाहावी लागली. शेळी टवटवीत होती. तिनं त्याचा रुमालही खाल्ला.

पण या सगळ्यात एक गोष्ट घडत होती आणि ती कुठल्याही फोटोत येत नव्हती. अफ्रीनच्या जुन्या लॅपटॉपवर मोनिका प्रोग्रॅम लिहायला शिकली. शिकली म्हणजे काय, तिनं तो लॅपटॉप ताब्यातच घेतला. शेळी किती बोटं लांब असली की ओरडायचं, धावायचं किती, थांबायचं कधी, हे सगळे आकडे तिच्या डोक्यात. शाळेतलेच आदिनाथ आणि गोरक्ष जोडणी करायचे, दिपाली सेन्सर बसवायची, पण गाडी चुकली की तिघंही एकच वाक्य बोलायचे, "मोनिकीला इच्यार."

तेवढ्यात विद्यापीठाची शाळकरी मुलांसाठी रोबो स्पर्धा जाहीर झाली. जागा पीरमहंमदचंच कॉलेज, वार शुक्रवार. फॉर्म ऑनलाइन, मुदत स्पर्धा जाहीर झाली त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पीरमहंमद तेव्हा एसटीत उभा होता. एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन त्यानं टीमचा प्रमुख आदिनाथ याला फोन लावला.

"टीममध्ये किती रे?"

"दोन कोयते, सर."

पीरमहंमदला वाटलं, पोरांची बोलायची तऱ्हा असेल. दोन वाघ म्हणतात तसं. त्यानं दोन टाकले. "नावं सांग."

"लिवा. आदिनाथ अन् गोरक्ष."

पाचला दोन मिनिटं कमी होती. लिहिलं. पाठवलं. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या स्वीकारला आहे' असं आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी यशस्वी झाल्यासारखं त्याला वाटलं. माणूस जास्तीत जास्त गाढव कधी दिसतो, तर असं वाटतं तेव्हा.

मुलांना नगरला न्यायचं तर विस्तार अधिकाऱ्याची परवानगी हवी. साहेब स्वतः पाहणीला आले. जाड, चष्मेवाले, सफारी घातलेले. "काय संशोधन चाललंय बघू," म्हणत ते शेळीहाक्यापुढं उकिडवे बसले. आता सेन्सरला सफारी समजत नाही. तो साहेबांवर धावून गेला आणि राहीबाईच्या आवाजात साऱ्या शाळेसमोर त्यांना मुडद्या म्हणाला, पोरांच्या ताटात तोंड घालतोस का म्हणून विचारलं आणि तंगडं मोडायची धमकी दिली.

मैदानात वारासुद्धा परवानगी घेऊन वाहू लागला. मग राहीबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली. मुख्याध्यापकांनी आकाशाकडं पाहिलं.

साहेब उठले, सफारी झटकली आणि म्हणाले, "परवानगी देतो ना. का नाही देणार? फक्त कागदपत्रं पूर्ण करा." आणि यादी दिली. मुलांचा विमा. गाडीचं योग्यता प्रमाणपत्र. डॉक्टरचा दाखला. शाळा समितीचा ठराव. प्रत्येक पालकाचं सहीनिशी संमतीपत्र. यात्रेला जाणाऱ्या माणसानं घरदार लिहून द्यावं तसली यादी!

पीरमहंमदनं रजा टाकली आणि पंधरा दिवस पायपीट केली. चिडला होता, म्हणूनच केली. साधा माणूस चिडला की शिव्या देतो. सत्तावीस वर्षं वायर धरून उभा राहिलेला माणूस चिडला की झेरॉक्स काढतो. सगळं जमलं. राहिल्या सह्या. त्यातही तीन झाल्या. राहिली मोनिकाच्या बापाची.

बिभीषण ढाकणे अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. रविवारी मुकादमाची गाडी निघायची होती, ऊसतोडीला. साऱ्या वाडीत बोचकी बांधणं चाललेलं. त्यानं संमतीपत्र वाचलंच नाही.

"सर, राग नका मानू. दर साली कुनीतरी येतं, पोरगी हुशार हाय म्हंतं, अन् जातं. हुशार हाय ते मला बी दिसतंय. पर कुठल्या कागदावर हाय का ती? आमी दोघं फडात गेलो का हिच्या बारक्या भावाला कोन बघनार? तिला न्यावंच लागतंय. तुमी मला कागद दावा, त्या स्पर्धेच्या यादीत तिचं नाव. मी बारक्याचं कायतरी बघतो, हिला आक्काकडं ठिवतो, शाळा करू दे. नाव नसलं तर रविवारी गाडीत बसंल. झालं."

"कागद?" पीरमहंमदची छाती फुगली. "आत्ता दाखवतो!" त्यानं ऐटीत मोबाईल काढला, यादी उघडली आणि मोनिकाच्या हातात दिली. "वाच मोठ्यानं."

मोनिकानं वाचलं. "करंजमाथा. सदस्य दोन. आदिनाथ. गोरक्ष." तिनं बोटानं खाली सरकवलं. खाली काहीच नव्हतं. "माझं?"

सगळ्यांनी आदिनाथकडं पाहिलं. त्याला आपली चूकच कळेना. "दोन कोयते म्हनलं की मी! येक कोयता म्हंजी नवराबायकू, दोन मान्सं. आमी चौघं, म्हंजी दोन कोयते. अन् कोयता गड्याच्या नावावर अस्तोय. मुकादम तसंच लिवतो."

पीरमहंमदनं मोबाईल परत घेतला. नगर जिल्ह्यात पन्नास वर्षं काढली, ऊसतोडीच्या गाड्या डोळ्यांदेखत जाताना पाहिल्या, आणि कोयता म्हणजे दोन माणसं हे त्याला ठाऊक नव्हतं.

राहीबाई चुलीपाशी बसली होती. ती रागावलीसुद्धा नाही, हेच वाईट. "बावीस साल ऊस तोडला मी. वहीत माझं नाव कवाच न्हवतं. मला वाटलं, तुमच्या मोबाईलात तरी लिवत असतील."

बिभीषणनं संमतीपत्रावर अंगठ्याएवढी सही केली आणि परत दिलं. "जाऊन यिऊ द्या तिला. नगर बघंल. रविवारी गाडी हाय."

पीरमहंमद तडक विभागप्रमुखांकडं. तेच स्पर्धेचे समन्वयक. ते म्हणाले, पोर्टल बंद झालं. हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाईनं नवीन नाव जोडायचं असल्यास नवीन अर्ज करा म्हटलं, आणि नवीन अर्जाची मुदत संपली आहे म्हटलं, आणि आमच्या सेवेला किती गुण द्याल म्हणून विचारलं. ईमेल केला, 'आपला ईमेल महत्त्वाचा आहे' असं उत्तर एका सेकंदात आलं. ज्यानं वाचलासुद्धा नाही, त्याला तो महत्त्वाचा वाटला.

"चूक तुमची झाली हे कुणाला सांगू नका," आबासाहेब कुंपणावरून म्हणाले. "फाईलीत चूक कधी माणसाची नसते, यंत्रणेची असते."

"चूक माझीच आहे," पीरमहंमद म्हणाला. आबासाहेब इतके हादरले की आत निघून गेले. हे वाक्य त्यांनी सबंध नोकरीत ऐकलं नव्हतं.

बिबीजाननं फक्त एवढंच विचारलं, "अब क्या करते?"

"माहीत नाही. पण पोरीला घेऊन जाणार."

शुक्रवारी चौघं आली. दारात दोनच ओळखपत्रं मिळाली. विभागप्रमुख गोड हसले. "मुलींना प्रेक्षकांत बसवा, पीरभाई. पुढच्या रांगेत. फोटोत छान दिसतं."

करंजमाथ्याची पाळी आली. समोर थर्माकोलची शेळी ठेवलेली. आदिनाथनं बटण दाबलं, आणि घात! शेळीहाक्या मुरुमावर वाढलेला. त्याचे आकडे मुरुमाचे. इथं गुळगुळीत फरशी. तो जो सुटला, तो शेळीला ओलांडून परीक्षकांच्या टेबलाखाली घुसला. परीक्षकांनी घाईनं पाय वर घेतले.

"दहा मिनिटं मिळतील, दुरुस्त करा," एक परीक्षक म्हणाले.

आदिनाथ आणि गोरक्ष एकमेकांकडं बघायला लागले. मग आदिनाथनं माईकवरच सांगून टाकलं, "वेगाचा आकडा बदलावा लागंल. त्यो मोनिकीला म्हाईत. आमाला न्हाई."

मोनिका उठलीच होती. स्वयंसेवकानं आडवा हात घातला. विभागप्रमुख धावत आले. "नाव नाही तिचं. नियम म्हणजे नियम. आणि पीरभाई, तुम्ही मध्ये पडू नका. मार्गदर्शक प्राध्यापक लागतो, तुम्ही असिस्टंट आहात."

पीरमहंमदनं टेबलावरचा कॉलेजच्या नावाचा कोरा कागद उचलला, खिशातलं पेन काढलं आणि विभागप्रमुखांपुढं दोन्ही धरली.

"लेखी द्या."

"काय लेखी?"

"हेच. या रोबोचा प्रोग्रॅम मोनिकानं लिहिला, पण तिला हात लावू देणार नाही, कारण फॉर्म भरणाऱ्या पीरमहंमदनं चूक केली. लिहा, खाली सही करा. मी बाजूला होतो."

विभागप्रमुखांनी पेन घेतलं. कागदाकडं पाहिलं. तोंडानं लाख बोलतील, पण सही करायची म्हटली की साहेब लोकांच्या मनगटात वात येतो. त्यांनी कागद उपप्राचार्यांकडं सरकवला, हा स्पर्धेचा विषय म्हणून. उपप्राचार्यांनी विद्यापीठाच्या प्रतिनिधीकडं, हा नियमांचा विषय म्हणून. प्रतिनिधीनं परीक्षकांकडं, हा तांत्रिक विषय म्हणून. परीक्षकांनी परत विभागप्रमुखांकडं. कागद फिरत होता, सगळ्यांच्या माना त्याच्यामागं फिरत होत्या, आणि स्वयंसेवकाचीही फिरली. अफ्रीननं डोळा मारला. मोनिका त्याच्या हाताखालून सरकली, लॅपटॉपपाशी बसली, दोनशे वीसचे एकशे दहा केले.

शेळीहाक्या निघाला. सरळ गेला, शेळीपुढं थांबला, राहीबाईच्या आवाजात ओरडला, आणि मागच्या रांगेतल्या पाथर्डीकडच्या पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

कागद फिरून टेबलावर आला होता, कोरा. मोनिकानं तो ओढला, पीरमहंमदचं पेन घेतलं आणि लिहिलं:

'ह्याचा प्रोग्रॅम मी लिहिला. मोनिका बिभीषण ढाकणे, सातवी. सेन्सर दिपालीने बसवला.'

"सर, आता हितं कोन सही करतं?"

पीरमहंमदनं खिशात हात घातला. लॅबचा गोल शिक्का सत्तावीस वर्षं त्याच्याच खिशात असायचा. पोरांच्या प्रयोगवह्यांवर मारायला. त्यानं तो तोंडाजवळ नेऊन हाऽऽ केलं, आणि सगळ्यांदेखत कागदावर असा दाबला, की टेबल हललं. खाली सही ठोकली. पूर्ण नावाची.

नंबर आला नाही. नंबर नगरातल्या ज्या पोराला मिळाला, त्याचा रोबो दुकानातून खोक्यासकट आला होता. खोकं टेबलाखालीच होतं.

शनिवारी पीरमहंमद तो कागद घेऊन बिभीषणच्या अंगणात उभा राहिला. "ही स्पर्धेची यादी नाही," त्यानं आधीच सांगितलं. "खोटं बोलणार नाही. हा नुसता कागद आहे. लिहिला तिनं, शिक्का माझा."

बिभीषणनं कागद उजेडात धरला. सावकाश, एकेक अक्षर लावत वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"माझं बी नाव हाय की ह्येच्यात," तो म्हणाला. मग मान वर न करता बहिणीला म्हणाला, "आक्का, हिचं आथरून तुझ्याकडं टाक. बारक्या येतो आमच्यासंगं. झोळी बांधू उसाच्या सावलीत."

मोनिका पाठ फिरवून बोचक्यातून स्वतःची वह्यापुस्तकं उपसायला लागली, इतक्या जोरात की आईची लुगडीही बाहेर आली.

मंगळवारी पीरमहंमदला कारणे दाखवा नोटीस मिळाली. कार्यालयीन शिक्क्याचा अनधिकृत वापर, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. आबासाहेबांनी कुंपणावरून चार पानी माफीनाम्याचा मजकूर सांगायला सुरुवात केली. बिबीजाननं त्यांच्या तोंडावर खिडकी लावली आणि नवऱ्यापुढं पेन ठेवलं. "लिखो जी. डरके मत लिखो."

त्यानं लिहिलं:

'मा. विभागप्रमुख, शिक्का मी मारला. न केलेल्या प्रयोगांच्या वह्यांवर सत्तावीस वर्षं मारला, तेव्हा कुणी खुलासा मागितला नाही. केलेल्या कामावर पहिल्यांदा मारला, तर मागितला. कारण दाखवा म्हणता, ते रोज साडेदहा वाजता करंजमाथ्याच्या शाळेत सातवीच्या वर्गात, खिडकीपाशी बसलेलं असतं. स्वतः येऊन पाहावं. पाथर्डीहून जीप मिळते. आपला, पीरमहंमद सय्यद.'